गॅरंटीचे केस

...नाही, तुम्हीच सांगा, ज्या केसांबद्दल डॉक्टरनं छातीठोकपणे सांगितलं होतं की हे मरेपर्यंत गळणार नाहीत, तेच केस म्हणे दर तीन आठवड्यांनी वस्तरा लावून तासायचे, आणि का, तर त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचे तरी केस चिकटवायचे आहेत म्हणून... याला काय म्हणायचं? मी काहीच म्हटलं नाही. म्हणजे, म्हटलं, बरं. माझं हे असंच आहे. समोरचा बोलतो, मी मुंडी हलवतो आणि म्हणतो, बरं.

तुम्हाला सांगतो, माझा धंदाच तसा. बुटांच्या दुकानात आहे मी, एकोणीस वर्षं झाली. गिऱ्हाईक वर बाकावर, मी खाली बुटक्या स्टुलावर, त्याचा पाय पुढ्यात घेऊन. माझं तोंड कुणी बघतच नाही हो! दिसते ती टाळू. दिवसाला चाळीस-पन्नास माणसं माझ्या टाळूशी बोलतात. "जरा एक नंबर मोठा दाखवा"... टाळूला. "टाचेला चावतोय"... टाळूलाच. एका बाईंनी तर वर्षभरानं येऊन मला ओळखलं, मी वाकल्यावर. "अय्या, तुम्हीच होतात ना मागच्या वेळी?" म्हटलं, हो, मीच होतो.

तर पहिलं ऑपरेशन झालं सत्ताविसाव्या वर्षी. तेव्हा नुसतं कपाळ वर सरकलं होतं. डॉक्टर एकदम मऊ बोलणारा, लोण्यासारखा. "काही नाही, मागचे केस काढायचे आणि पुढं लावायचे. मागचे केस जिद्दी असतात. पुढं नेऊन लावले तरी जिद्द सोडत नाहीत, मरेपर्यंत गळत नाहीत." म्हटलं, बरं. लावले. आणि खरं सांगतो, खोटं का बोला, नाही गळले. पुढची रेघ अशी पक्की आली की सुतारानं पट्टी ठोकावी. पण त्या रेघेच्या मागं माझे स्वतःचे जे केस होते ना, त्यांना कुणी जिद्द शिकवली नव्हती. ते आपले रोज उशीवर, रोज मोरीच्या जाळीवर... दोन वर्षांत पुढं कुंपण आणि आत मोकळं मैदान! त्या कुंपणानिशीच लग्न झालं माझं. हिनं मला कुंपणाशिवाय पाहिलेलंच नाही.

पस्तिसाव्या वर्षी दुसरं. दुसरा डॉक्टर, हा भराभर बोलणारा. "पहिल्यानं चूक केली, मागचा विचारच केला नाही, आपण टाळू भरून काढू." म्हटलं, बरं. भरली. आता पुढं कुंपण, मागं टाळूवर एक बेट, आणि दोन्हींच्या मधे चर. तिसऱ्यांदा गेलो तर त्यानं बॅटरी लावून डोक्याची मागची बाजू बघितली, बराच वेळ बघितली, आणि म्हणाला, "इथं आता काढण्यासारखं काही उरलं नाही." तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं. आणि त्या धुपाटण्याची सगळी वरची बाजू बधिर. दोन ऑपरेशनांत आतल्या बारीक नसा कुठं तरी तुटल्या म्हणे, सहा महिन्यांत जाणीव येईल म्हणाला. नऊ वर्षं झाली. दाराची चौकट डोक्याला लागली तर मला आवाजावरून कळतं.

आता यात अण्णा कुठून आले ते सांगतो. अण्णा म्हणजे माझे वडील. चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत, आई गेल्यापासून आमच्याकडंच असतात. त्यांचं डोकं म्हणजे अंडं! मला समजायला लागलं तेव्हापासून अंडं, कानांच्या वर तेवढी केसांची झालर. आणि माणूस इतका आनंदी की विचारू नका. कुठं चार माणसं जमली की पहिली थट्टा स्वतःच्या टकलाची. "आमच्या घरात एकच कंगवा, तोही नवाकोरा." "तोंड धुवायला घेतलं की कुठं थांबायचं तेच कळत नाही." लोक हसायचे, अण्णाही हसायचे. मी समोर बसलेला असायचो, दहा वर्षांचा, डोक्यावर हे एवढं रान, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. कारण मला दिसत होतं ना, हे आपल्याकडं चालत येतंय.

पहिल्या ऑपरेशनच्या दिवशी अण्णा दवाखान्यात आले होते. माझं डोकं पट्ट्यांत गुंडाळलेलं. "दुखतंय का रे?" म्हणाले. आणि मी... भूल पुरती उतरली नव्हती असं मी पुढं सगळ्यांना सांगितलं, पण उतरली होती... मी म्हणालो, "तुमच्यामुळंच झालं ना हे सगळं." अण्णा हसले. म्हणाले, "घरात वाटायला दुसरं काही नव्हतं रे." झालं. सतरा वर्षं. त्यावर ना ते कधी बोलले, ना मी. ते बोलणं मागं घ्यायचं माझ्या मनात सतरा वर्षं आहे. रोज एकत्र जेवतो आम्ही, आणि मी आमटी मागून घेतो.

तर मग हिनं कुठून तरी शोधून काढलं. हेअर सिस्टीम. विग म्हणायचं नाही! विग म्हटलं की तिथल्या मॅडमना राग येतो. "सर, विग नाटकात घालतात. ही सिस्टीम आहे." म्हटलं, बरं. आम्ही तिघं गेलो, मी, ही, आणि अण्णा. अण्णांना कुणी चला म्हटलं नव्हतं, पण ते चपला घालून दारात उभेच. खोलीत भिंतीला फळ्या, फळ्यांवर डोकी, नुसती डोकी, ओळीनं, प्रत्येकाला झकास केस आणि एकालाही तोंड नाही. माझ्या धंद्याच्या उलटं बघा, आमच्याकडं नुसते पाय.

मॅडमनी माझ्या डोक्याला आधी ते पातळ प्लॅस्टिक गुंडाळलं, उरलेल्या भाजीच्या वाटीला गुंडाळतात ते. त्यावर चिकटपट्ट्या. त्यावर पेननं रेघा. हा झाला साचा. मग प्रश्न सुरू. "केस दाट हवेत, मध्यम, की विरळ?" ही म्हणाली, "अहो, मध्यम घ्या. एकदम जंगल नको." म्हटलं, बरं. "भांग कुठं?" मला काय माहीत भांग कुठं? वीस वर्षांत मी भांग पाडला नाही. "तुमचा केस असतानाचा फोटो आहे का सर?" आता कुठला असणार, केस जायला लागल्यापासून मी फोटोत शेवटच्या रांगेत, उंच माणसाच्या मागं. त्यावर अण्णांनी खिशात हात घातला आणि कागदात गुंडाळलेला एक फोटो काढला. जुना, कडा पिवळ्या पडलेल्या. बावीस वर्षांचा तरणाबांड, डावीकडं भांग, कपाळावर अशी लाट उठलेली. मॅडम म्हणाल्या, "अगदी तुम्हीच सर." अण्णा म्हणाले, "मी आहे तो. पण चेहरा एकच आमचा. यावरून करा." फोटो घरून घेऊन आले होते, बरं का. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हटलं, बरं.

मग पांढरे केस किती टक्के घालायचे! असं विचारतात तिथं, टक्क्यांत. माझ्या कडेचे केस काळेच आहेत अजून, मूठभर पांढरे. मॅडम म्हणाल्या, "दहा टक्के पुरेत." ही म्हणाली, "वीस करा, खरं वाटेल." आणि अण्णा म्हणाले, "साठ." साठ? "पांढऱ्यानं रुबाब येतो. माणूस काहीतरी कमावलेला वाटतो." मॅडम चांगल्या बाई, त्या म्हणाल्या, "आजोबा, वर साठ टक्के पांढरे आणि कडेला काळे, जुळणार कसं?" अण्णा म्हणाले, "होतील की कडेचेही, घाई काय आहे." ही माझ्या कानाशी लागली. "अहो, अण्णांनी इतक्या हौसेनं कधी काही मागितलंय का? घाला ना साठ." आता मला सांगा, माझं डोकं, आणि हौस अण्णांची! पण मी काय बोलणार? सतरा वर्षांपूर्वी एकदा बोललो होतो, ते पुरलं होतं. म्हटलं, बरं.

अडीच महिन्यांनी फोन आला, या. हिला रजा नव्हती. अण्णा सकाळी नऊपासून इस्त्रीचा शर्ट घालून बसलेले, वेळ साडेअकराची. गेलो. मॅडमनी आधी मला खुर्चीत बसवून मशीन फिरवलं, मग वस्तरा. ते कुंपण गेलं, ते बेट गेलं. दोन ऑपरेशनं, चौदा तास पालथा पडलो होतो त्या केसांसाठी, ते चार मिनिटांत मांडीवर. मला काही कळलंही नाही, बधिरच आहे ना सगळं, मांडीवर पडलेले दिसले म्हणून कळलं. मी मॅडमना म्हणालो, "हे मरेपर्यंत गळणार नव्हते." त्या म्हणाल्या, "हो सर, म्हणून तर परत परत काढावे लागतील."

मग डबा उघडला. सिस्टीम बाहेर काढली, नुसती वरून ठेवून बघितली. आरशात बघतो तर काय... वर साठीचा गृहस्थ, खाली चव्वेचाळीस वर्षांचा बूटवाला, आणि दोघांची ओळखसुद्धा नाही. "कडेचे केस थोडे रंगवू या, मी चिकटवायची टेप घेऊन येते," मॅडम म्हणाल्या आणि आत गेल्या.

अण्णा म्हणाले, "बघू जरा." मी काढून हातात दिली. मला वाटलं, आता थट्टा. डोक्यावर ठेवतील, तोंड वाकडं करतील, काहीतरी कंगव्याचं बोलतील. त्यांनी ठेवली. आणि तुम्हाला सांगतो, ती बसली! साचा माझा होता, पण डोकं कुणाचं, त्यांचंच ना. दाबावीसुद्धा लागली नाही. कडेचे पांढरे, वरचे पांढरे, कुठं जोड दिसेना. त्यांचं बोट आपोआप भांगावर गेलं, अंधारात दिव्याचं बटण सापडतं तसं. थट्टा नाही, काही नाही. पाठ सरळ करून नुसते बघत उभे राहिले.

मग आरशाकडं बघतच म्हणाले, "लग्न ठरलं तेव्हा होते. लग्नात निम्मे होते. तू झालास तेव्हा काही नव्हतं. फार लाज वाटायची रे. आपणच आधी थट्टा केली की लोक एकदा हसतात, मग बघत नाहीत. आणि तू समोर बसलेला असायचास. वाटायचं, मी हसलो तर तुला वाटेल, याचं काही विशेष नसतं. तुझ्यावर वेळ आली तर तू घाबरणार नाहीस. ते काही मला जमलं नाही."

आता काय सांगू तुम्हाला... मला वाईट वाटलं. सरळ वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. हा माणूस मला हसवत नव्हता, मला सांभाळत होता, आणि मी त्याला काय बोललो होतो! आत्ता मागं घ्यावं, आत्ता म्हणावं, अण्णा, तेव्हाचं माझं चुकलं... तोंड उघडलं. तेवढ्यात मॅडम टेप घेऊन आल्या. "चला सर, बसा." आणि माझ्या उघड्या तोंडातून भलतंच आलं. मी म्हणालो, "मला नको. यांना लावा."

"पण सर, माप तुमचं, ऑर्डर तुमची, सही तुमची..." "यांना लावा." अण्णा म्हणाले, "अरे, वेडा का खुळा तू? या वयात मी काय करू हे घेऊन?" पण डोक्यावरचा हात काढला नाही हं त्यांनी. म्हणाले तेवढं, काढला नाही. मी खुर्ची ओढून दिली. जन्मात पहिल्यांदा मी काहीतरी ठरवलं आणि समोरची दोन माणसं म्हणाली, बरं.

घरी आलो तर हिनं दार उघडलं. आधी अण्णांकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग परत अण्णांकडं. "अहो, मग इतके दिवस आपण केलं काय?" म्हटलं, निवड केली.

आता माझं डोकं अगदी गुळगुळीत. म्हणजे तसं नाही, ती जिद्दी मंडळी उगवायला लागली आहेत, पुढं एक रेघ, मागं एक बेट, खुंट आलेत. परवा गुरुवारी दुकानात गर्दी होती, मी स्टुलावर बसलेला, पुढ्यात एक पाय आला. बघतो तर अण्णांचा. म्हणाले, "बूट दाखव. हे असलं डोकं झाल्यावर चपला बऱ्या दिसत नाहीत." एक जोड काढला, डावा पाय घातला, नाडी बांधली. आमच्याकडं खाली जमिनीलगत तिरका आरसा असतो, पायातला बूट बघायला. बूट कसा दिसतोय म्हणून मी त्यात डोकावलो, तर त्यात माझं डोकं, आणि डोक्यावर अण्णांचा हात! मला काय कळणार, बधिर सगळं, कधीचा होता तो तिथं कोण जाणे. मी डोकं तसंच ठेवलं. बांधलेली नाडी सोडली, परत बांधली. परत सोडली.

शेजारच्या बाकावर एक आजीबाई बसल्या होत्या, एका पायात बूट घालून ताटकळत. त्यांनी एकदा अण्णांच्या भांगाकडं बघितलं, एकदा माझ्या टाळूकडं, आणि कौतुकानं अण्णांना विचारलं, "तुमचे बंधू का हो हे?"

अण्णा म्हणाले, "हो. थोरले."

आता थोरल्या भावानं काय करायचं अशा वेळी? म्हणालो, "द्या, उजवा पाय द्या."