ताप न बघणारी डॉक्टर

बेळगावच्या स्टँडवर लोंढ्याची बस लागायची होती. बाकावर बसलेल्या प्राध्यापक नीलम घाडींच्या कानावर अवचित आपलंच नाव आलं. शेजारी शहापूरच्या यंत्रमागावर काम करणाऱ्या दोघी होत्या. ओळख ना पाळख.

"आक्का, ती नीलम घाडी डॉक्टर हाय म्हणं, पर साधा ताप बी बघत न्हाय."

"तिची डॉक्टरी पुस्तकातली गं, गुणा."

"मग एवढं शिकून करती काय?"

"इचारती. तिच्या कॉलेजातल्या पोरी घरी आलत्या. म्हणत्यात, कामावर असताना लघवीला कुठं जाता?"

"अगं बाई! तू काय सांगितलंस?"

"कशाला जाऊ? पाणीच पीत न्हाय म्हटलं."

"त्यात काय इचारायचं? समद्याच तसं करत्यात."

"तेच तिनं बेंगळूरला मंत्र्याम्होरं वाचून दाखवलं."

"शी! लाज कशी न्हाय बाईला?"

"न्हाय म्हणून तर आमच्या कारखान्यात संडास झाला. आता तांब्याभर पाणी पिऊन बसते मी."

हसू दाबता दाबता नीलमला ठसका लागला. गुणाबाईनं लगेच बाटली पुढं केली.

"घ्या, वाईच पाणी प्या."

"नको हो. प्रवासात मी पीत नाही. वाटेत जायचं कुठं?"

दोघींनी एकमेकींकडं बघितलं.

"आक्का, त्या डॉक्टरबाईच्या पोरी हिच्याकडं बी धाडाय पायजेत."