पोस्टरवरचा फाऊल

"काकू, ह्या पिक्चरमधला खो-खो चुकीचा असला, तरी तुम्ही बघणार?"

नांदेडच्या टॉकीजच्या रांगेत पुढच्या अनोळखी काकूंना हे विचारायची पैज माझी मैत्रीण राजकन्या हिनं लावली, आणि मी बेधडक विचारलं! दहावीचं वर्ष लागलं म्हणून घरी माझा खो-खो बंद करायचं चाललंय, म्हणून संघातल्या मैत्रिणींनी मला ओढून आणलेलं. काकूंनी पोस्टर बघितलं आणि मोर्चा शेजारी उभ्या त्यांच्या काकांकडंच वळवला.

"बघा, पोरीला बी कळलं. आठीजणी एकाच बाजूला तोंड करून बसल्यात!"

"अगं, हिरोइनीचं तोंड दिसाय नको का?"

"एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं, असं बसतेत."

"मग चल घरी."

"कामून? क्रिकेटचे धा पिक्चर दाखवले तुमी. मी हूं का चूं केलं?"

"त्यात खेळ बरोबर व्हता."

"आमचा चुकला तर चुका काढत बघीन. पर बघीन!"

"तुला काय कळतंय गं खो-खोतलं?"

"कंधारच्या शाळेत पुरी सात मिनिटं मला कुणी शिवलं न्हाई."

"तीस वर्षांत कव्हा बोलली न्हाईस?"

"तुमी कव्हा इचारलं? दहावीत घरच्यांनी खेळ सोडायला लावला. मग कोण इचारतंय?"

तेवढ्यात काकांचा नंबर आला. तिकिटाच्या खिडकीत वाकून ते म्हणाले, "दोन द्या. जागा मधली बघा, हिला समद्या चुका दिसल्या पायजेत."

घरी आल्यावर चपला काढायच्या आधीच मी सांगून टाकलं, "आई, बाबा, दहावीचा अभ्यास करीन, पण खो-खो सोडणार नाही. आणि रविवारी सामना आहे, बघायला दोघांनीही यायचंय!"