पेली गाडीनं, नाव माहं!

...अन् वरून मलेच म्हन्ते, "टाकी फुल्ल काहून केली?" कोन म्हन्ते? शकुन, माही बायको! आता तुमीच सांगा, दिवाळीले टाकी फुल्ल केली, वरून कव्हर घातलं, अन् गाडी पोरीच्या साक्षगंधासाठी, म्हन्जे साखरपुड्यासाठी, राखून ठेवली, हा काय माहा गुन्हा झाला? तुमाले सांगतो, या देवमनएवढी गाडी अमरावतीत कोनी जपत नसन! पन जवापासून कानावर आलं का पेट्रोलमंदी आता वीस टक्के इथेनॉल येते, म्हन्जे दारूतलंच अल्कोहोल, थे पानी धरते, उभ्या गाडीत गाळ बसते... तवापासून जीवाले एकच घोर. रस्त्यात बंद पडली तं?

साक्षगंध कुठं? अकोल्याले! पोरगी आमची प्रणाली, मोठी गुनाची. अन् तिचे होनारे सासरे खुशालराव, म्हन्जे माहे इवाई, साऱ्या अकोल्यात लोकायची दारू सोडवत फिरतेत! पह्यल्याच भेटीत त्यायनं मले हळूच विचारलं, "घेता का?" मी म्हटलं, "दोन चमचे." थे साखरेचं नव्हते हो विचारत! तवापासून मानूस डोळा ठेवून आहे माह्यावर.

तं निंगालो. बडनेऱ्यापर्यंत गाडी बरी चालली. पुढं सुरू... घर्र, गचक! घर्र, गचक! शकुन मांगून म्हन्ते, "गेर चुकला वाट्टे." अवो गेर नाई चुकला, कचरा येऊन राहिला! "मंग फुकून टाका ना!" आता इंजिन म्हन्जे काय चूल आहे? पोरगी आरशात टिकली पाहून राहिली, मी काट्याकडे पाहून राहिलो, अन् आतून जीव म्हने... बंद पडली तं?

पडली! मूर्तिजापूरच्या अलीकडं, भर उन्हात!

मिस्त्री आला, कुंदन नावाचा. बोनट उघडलं अन् डॉक्टर पेशंटच्या मानसाले बाजूले घेते ना, तसं घेतलं मले. "काका, आत सारा चिकटा बसला. फिल्टर पाहा, काकवी झाली काकवी! टाकी रिकामी करा लागन. नळी टाका अन् तोंडानं ओढा." मी म्हटलं, "मी?" म्हन्ते, "मले तोंड आलं आहे ना!" आता सांगा! मिस्त्रीले तोंड आलं म्हनून पोरीच्या बापानं नवा सदरा घालून हायवेवर पेट्रोल ओढावं? पन तिकडं मुहूर्त चालला, इकडं पोरीच्या डोळ्यात पानी... ओढलं बाप्पा! पह्यला घोट सरळ तोंडात! थुकलो, चुळा भरल्या, इलायची खाल्ली, बडीशोप खाल्ली... अन् तेवढ्यात फोन. इवाई!

"काहून उशीर हो?"

घाईत माह्या तोंडातून काय निंगावं? "थोडं जास्त झालं जी... इथेनॉल!" अन् मांगून शकुन वरडली, "सांगा ना त्यायले, पोटात अल्कोहोल गेलं, म्हनून चालताच नाई येऊन राहिलं!" थे गाडीचं सांगून राहिली होती हो! पन फोन कट.

टाकी धुतली, फिल्टर बदललं, नवं पेट्रोल टाकलं, गाडी सुरू झाली... पन आता गाडीची फिकर कोनाले? आता साक्षगंधच बंद पडलं तं?

अकोल्यात मांडवाच्या दारातच खुशालराव उभे. गळाभेट घेतली... अन् त्यायचं नाक वर!

"वास येऊन राहिला."

"पेट्रोलचा आहे जी."

"अन् इलायची?"

"थे... वास लपवाले."

लपवाले! जळो माही जीभ! पोरगी पांढरीफट. तिनं माहा हात घट्ट धरला. लहानपनापासून एवढी समजदार पोरगी, अन् माह्यापायी तिचं मोडलं तं?

नाई मोडलं. खुशालराव मोठ्या मनाचा मानूस. म्हने, "पोरीचा काय दोष? पन देवमनराव, चार पाहुन्यायसमोर शपथ घ्या. सोडली म्हना." मी म्हटलं, जे जिंदगीत पेलीच नाई, थे सोडू कशी? शकुननं चिमटा काढला, "सोडा ना वो मुकाट्यानं!"

सोडली! टाळ्या पडल्या, गळ्यात हार पडला, जवाई पाया पडला, फोटो बी निंगाला. मी तं सुटलो बाप्पा... पन गाडीचं काय करू, सांगा? तिले पंपावर दुसरं काई भेटतच नाई!