कवळीची कड

ताई : फळीवरचे साचे कुठे गेले?

भाऊ : आधी बस. टाके अजून ओले आहेत.

ताई : टाक्यांचं मी बघीन. माणसांच्या जबड्यांचे साचे होते ते. कवळ्या करायला घेतल्या होत्या मी.

भाऊ : दातांच्या डॉक्टरांना परत दिले. दुसरीकडून करून घेतील.

ताई : कुणाला विचारून?

भाऊ : तू दवाखान्यात पडलेली, कुणाला विचारणार? आणि आता केमो सुरू झाली की...

ताई : मी हो म्हटलंय?

भाऊ : ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले? गाठ काढली, पण कुठे काही उरलं असलं तर...

ताई : ऐकलं. शंभरातल्या बऱ्याच जणी नुसत्या ऑपरेशननेच वाचतात. केमोने आणखी चार-पाच.

भाऊ : त्या चार-पाचांत तू असलीस तर?

ताई : आणि बोटं कायमची बधिर होणाऱ्यांत असले तर? तेही म्हणाले ते. तू तेव्हा खिडकीबाहेर बघत होतास.

भाऊ : बोटं! जिवावर बेतलंय आणि हिला बोटं सुचतायत!

ताई : कवळीची कड डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. एवढीशी खरखरीत राहिली तरी म्हाताऱ्या माणसाची हिरडी सोलवटते. बोटं गेली की मी काय, भिंतीकडे बघत जगू?

भाऊ : जग ना! बघ भिंतीकडे! मी आणून घालीन खायला.

ताई : मोठे उपकार. तू तर मला आधीच पोचवून आलास. फळीसुद्धा पुसून घेतलीस.

भाऊ : तोंड सांभाळ, ताई. दवाखान्याच्या बाकड्यावर मी झोपलोय, तू नाही. घरी आलो की ते साचे आ वासून बघायचे माझ्याकडे. नाही बघवले. तू गेलीस तर मला कोण आहे?

ताई : म्हणजे तू घाबरलायस.

भाऊ : घाबरलोय मी. झालं समाधान?

ताई : मामांची कवळीपण देऊन टाकलीस?

भाऊ : नाही. मामांनी देऊ दिली नाही. म्हणाले, दुसऱ्या कुणाच्या हातची घालणार नाही. ताई घरी येईपर्यंत बोळकं बरं. वर मलाच शिव्या घातल्या.

ताई : बोळक्या तोंडाने?

भाऊ : एकही शिवी कळली नाही.

ताई : हसू नकोस. माझा राग गेलेला नाही. आण ती कवळी.

भाऊ : घे.

ताई : मला नको. तू धर. डोळे मीट. कडेवरून बोट फिरव. कुठे खुपतं?

भाऊ : कुठेच नाही.

ताई : दगड आहेस. पुन्हा. सावकाश.

भाऊ : ...इथे. जरासं.

ताई : हं.

भाऊ : बरोबर?

ताई : बरोबर. शिकशील. केमोची तारीख घे.

भाऊ : ताई...

ताई : आणि आधी ती नखं काप.