अर्ध्या इंजिनावर

माझा नाव दाऊद, लिवन घेवा. जलम विजयदुर्गातलो, घर जेटीच्या जरा वर. बापूस होडयेर, आजो होडयेर, म्हणान माका कोणी विचारूकच नाय काय बाबा तुका काय व्हया, वयात इलंय तसो धरून दर्यार न्हेलो. आता खोटा कित्याक सांगू तुमका, मी पयल्यापासूनच भित्रो. पाण्याक नाय भियत हां, पवाक माका बरा येता. माका भय ता गप्पपणाचा. वारो पडलो काय शिडाची होडी एकदम गप्प होता, पाणी पण बोलना नाय, तेवा मी बापाशीक उगाच काय तरी इचारीत रवंय. बापाशीन ता वळाखल्यान. म्हणालो, ह्या पोराक इंजिनाच्या लाँचीर घाला, आवाजात बसलो काय ह्यो बरो रवतलो. तसो मी इंजिनवालो झालंय.

लाँचीचा इंजिन म्हणजे फळ्यांच्या खाली एक काळोखी खोली, डिझेलचो वास आणि दोन सिलिंडर. सगळा आयुष्य माझा थंय गेला. कान पण अर्धे थंयच गेले, म्हणान तुमी जरा मोठ्यान बोला. वर माणसा जाळा वढीत आणि खाली मी इंजिनार हात ठेवन बसललो, कानापेक्षा हाताक लवकर कळता, जरा काय बिघाड झालो काय हातच सांगता. घरात हलिमा, म्हणजे माझी बायको, ती चिडवी, म्हणी, एवढो हात तुमी माझ्यार कधी ठेवलात नाय. तिचा तोंड असाच. तिच्याबद्दलच सांगूचा आसा तुमका, पण आदी ता एकावर चालवण्याचा सांगतंय, नायतर फुडला कळाचा नाय.

परत येताना लाँच हलकी आसली आणि दर्यो शांत आसलो काय आमचो तांडेल, लाँच चालवणारो मुख्य माणूस, तो वरसून ओरडी, दाऊद, एक बंद कर. मगे मी एका सिलिंडराचा डिझेल तोडंय आणि लाँच उरलेल्या एकार धक धक करत घराक येय. डिझेल वाचता म्हणान सगळेच करीत. माका ता कधी आवडला नाय, पण तांडेलाच्या फुडे इंजिनवाल्याचा कोण ऐकता. एका दुपारी असेच येत होतंव, किल्लो समोर, घराची कौला दिसतत, वर कोणतरी गाणा म्हणता, आणि एकदम वारो फिरलो. लाटा लाँचीक किल्ल्याखालच्या खडपांकडे, म्हणजे पाण्यातल्या खडकांकडे, न्हेवक लागल्यो. तांडेल ओरडता, दुसरा चालू कर रे, दुसरा चालू कर. मी डिझेल सोडलंय, पण ता सिलिंडर थंड पडलला, नळयेत हवा भरलली, नुसतो पांढरो धूर टाकता, पेटणा नाय. आणि जा एकटा चालू होता ता सगळ्या लाँचीचा वझा वढून वढून कुंथाक लागला, कुंथला, कुंथला आणि गप्प. काय सांगू तुमका, त्या गप्पपणात खडपार लाट फुटता ती माका खाली इंजिनाच्या खोलीत ऐकाक इली. कोणी वल्ही घातली, कोणी बांबू लावले, नांगर टाकलो, त्या नांगरान धरल्यान म्हणान आज मी तुमच्या फुडे बसलंय. कोण मेलो नाय. पण त्या दिसापासून अर्ध्यावर चालणारा काय पण म्हटला काय माझे हात थंड पडतत.

आता हलिमा. ती जेटीर जावन म्हावरा घेवन येय, तिका चढाक दम लागाक लागलो, मधीच पायरेर बसाक लागली. मी म्हणंय डॉक्टराक दाखव, तर म्हणी, तुमचा काय, तुमका पान हालला तरी भय वाटता. शेवटी पाय सुजले तेवा देवगडाक न्हेलंय. थंयच्या डॉक्टरान छातीर यंत्र फिरवल्यान आणि माका भायर बोलावन म्हणालो, काका, यांचं हृदय निम्म्याच ताकदीने चालतंय, कोल्हापूरला मोठ्या डॉक्टरांना दाखवा, ऑपरेशन होतंय का बघू. मी म्हटलंय, निम्म्यान म्हणजे? म्हणालो, म्हणजे अर्ध्यावर. त्या माणसाक काय ठावक, तेना माका कसलो शब्द सांगल्यान तो. 

आमचा चेडू रेहाना, एकच लेक आमका, कोल्हापुराक नोकरेक आसा. तिना नवी गाडी घेतलली, लहानशी. म्हणाली, अब्बा, ॲम्ब्युलन्सीत अम्मी घाबारतली, मीच येतंय न्हेवक. इली. मी फुडे बसलंय, हलिमा मागे उशी घेवन रेलान बसलली. हायवेच्या नाक्यावरचा तळेरा सोडला, रस्तो सपाट लागलो आणि गाडी अशी गप्प चलाक लागली काय माझ्या कानाक इंजिनच गावना. फुडे हात ठेवन बघितलंय तर हाताक पण धड काय लागना. म्हटलंय, रेहाना, इंजिन बंद पडला काय गो? ती हसाक लागली. म्हणाली, नाय अब्बा, सपाटीर जोर लागणा नाय म्हणान चारातली दोन सिलिंडरा आपोआप झोपतत, पेट्रोल वाचता, ही बघा हिरवी बत्ती लागली. चढ इलो काय आपोआप जागी होतली.

आता तुमीच सांगा. बायको मागे अर्ध्यावर, गाडी अर्ध्यावर, आणि फुडे फोंड्याचो घाट.  मी म्हणतंय, बाये, ती उठव, आत्ताच उठव, मगे उठली नाय तर काय करशीत? ती म्हणता, अब्बा, ही लाँच न्हय, हेतूर माणसान काय करूचा नसता. मी परत तेच म्हणतंय, ती परत ताच सांगता. मागसून हलिमा म्हणता, गो रेहाना, बापाशीक हंयच उतरव आणि एस्टीन येवक सांग.

फोंड्याक चाय घेतलंव. बाजार भरललो, माणसा हसतत, बोलतत, आणि मी चाय तशीच ठेवन हलिमाकडे बघत रवलंय. मगे घाट सुरू झालो. धुक्या होता. फुडे लाकडांचो ट्रक, मुंगीच्या पायान चललो. रेहानाक वाटला, इंजिनाचो आवाज वाढलो काय अम्मीचा काळीज धडधडतला, म्हणान ती वरच्याच गियरात, दबक्या आवाजात गाडी चढवी. चेडवाचा मन बघा, आईक त्रास नको म्हणान. पण माझ्या तळपायांका थरथर लागाक लागली. इंजिन कुंथता तो थरकाप तुमका नाय कळाचो, माका कळता. म्हटलंय, गियर उतरव गो. म्हणाली, जरा थांबा अब्बा. आणि वळणार ट्रक थांबलो, गाडयेन एक हिसको दिल्यान आणि गप्प.

गप्प. मागे दुधाचो टेम्पो, तो हॉर्न मारता. बाजूक दरी, धुक्यात दिसना पण नाय किती खोल ती. मी दार उघडून खाली उतरलंय, एक दगड गावलो तो मागच्या चाकाखाली सारलंय, आणि उभो रवान काचेतसून हलिमाक बघितलंय. तिचे डोळे मिटलले. मी काच वाजवलंय. ती डोळे उघडीना. मी परत वाजवलंय, हलिमा, हलिमा म्हणान बोंबललंय, दरी इसारलंय, टेम्पो इसारलंय, माका वाटला आता ही पण थांबली. मगे तिना एक डोळो उघडल्यान आणि भितरसून म्हणाली, दुवा मागतंय मी, मागूक देतास काय नाय?

ट्रक फुडे सरकलो तशी रेहानान गाडी परत चालू केल्यान, पयल्या गियरात घातल्यान आणि गाडी ओरडत वर गेली. हलिमा भितर म्हणाली म्हणे, ओरडांदे गाडयेक, माका काय होना नाय. मी दगड बाजूक केलंय आणि चलत वळणापर्यंत गेलंय, थंय रेहाना माझ्यासाठी थांबलली.  म्हणाली, अब्बा, अर्धा झोपला म्हणान नाय बंद पडली, चढार सगळी जागीच होती, मीच वेग नसताना वरच्या गियरात वढलंय.  कोण बरोबर आणि कोण चुकलो, ह्या माका त्या येळाक नकोच होता. माका फक्त मागसून तिचो श्वास ऐकाक व्हयो होतो.

कोल्हापुरातलो डॉक्टर बरो माणूस. सगळे कागद बघल्यान, तिका तपासल्यान, आणि आमका समोर बसवन सांगल्यान, ऑपरेशन त्यांना झेपणार नाही. गोळ्या घ्यायच्या, चढ चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, मनाला त्रास करून घ्यायचा नाही. रेहाना लिवन घेता आणि रडता. मी इचारलंय, डॉक्टर, तो दुसरो अर्धो कधी जागो होतलो?  तो म्हणालो, काका, गेलं ते गेलं. जे उरलंय त्याच्यावर भार पडू द्यायचा नाही, एवढंच आपल्या हातात आहे.

परत येताना घाट उतरान सपाटीर इलंव आणि ती हिरवी बत्ती परत लागली. हलिमा मागे झोपलली. मी हळूच इचारलंय, रेहाना, आता चढ इलो तर ह्यो दुसरो अर्धो नक्की उठतलो मा? म्हणाली, उठतलो अब्बा, नक्की. आणि मगे तिका कळला मी काय इचारतंय ता. तिना गियरावरचो हात काढून माझ्या हातार ठेवल्यान, तसाच तळेऱ्यापर्यंत. गाडयेचा भय माका तेवापासून रवला नाय. गाडी बिचारी शाणी, तिका चढ कळता.

आता पाणी मी भरतंय, म्हावरा मी हाडतंय, आणि रोज शिव्यो खातंय, कारण तिका लांबसून ताजा वळाखता, माका हातात घेवन पण नाय. घरात इलंय काय दारातसूनच काय तरी इचारतंय, सुरी खंय आसा, मीठ खंय आसा. माका सुरी नको आणि मीठ नको, माका तिचो आवाज व्हयो असता. तिका ता ठावक आसा. म्हणान कधी कधी मुद्दाम उत्तर देणा नाय. मी धावत भितर जातंय तर ती पदर तोंडाक लावन हसता, आणि माका त्या हसण्याचा पण भय वाटता, दम लागात म्हणान. काल म्हणाली, तुमी माका जगूक देतास काय नुसती राखण करतास? मी म्हटलंय, माका दुसरा काय येता? तेवा ती गप्प झाली, आणि माका वाटला, असा बोलूक नको होता मी.

अल्ला तुमका आणि तुमच्या घरातल्यांका पुऱ्या दमान ठेवांदे. चाय घेतल्याशिवाय जाव नकात, भितर हलिमाच करता, तेवढा डॉक्टरान चलता म्हणान सांगल्यान. तुमका ऐकाक येता काय भांड्यांचो आवाज? माझे कान असे, माका काय समजणा नाय. नाय येत? बराच येळ झालो गो बाई. तुमी लिवा, लिवत रवा. मी जरा भितर बघून येतंय.