बेटावरचे चार तास

बोईसरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो. दुसऱ्यांचं बोलणं ऐकू नये, हे मला कळतं, तरी ऐकलं. शेजारी एक सून सासू-सासऱ्यांच्या लक्षद्वीपच्या क्रूझचा अर्ज मोबाइलवर भरत होती.

“बाबा, बेटावर चार तास मिळणार. काचेच्या तळाच्या होडीतून मासे बघायचे?”

“बघायचे कशाला? पकडायचे.”

“तेपण हाय. तिथल्या कोळ्यांबरोबर जाळं टाकायला जायचं.”

“तेच लिव.”

“लिवू नको गो तेजल! छातीत दोन स्टेंट हायेत यांच्या. म्हणून तर होडी विकली.”

“होडी विकली, हात नाय विकले. गावात कोण मला होडीत चढू देत नाय. ‘काका, तुमी बसा.’ एकदा तरी जाळं ओढू दे मला, रत्ना.”

“आणि मी काय करू तवर?”

“तू किनाऱ्यावर बस. नारळपाणी पी.”

“चाळीस वर्षं बसले. होडी दिसेपर्यंत घास नाय उतरला कधी. आता बेटावर जाऊनपण तेच करू?”

“मग काय, नको लिवू म्हणतेस?”

“लिव गो, पण दोघांचं लिव.”

“अगो, आपल्यात बायका होडीत चढतात काय?”

“आई, तिथं बायका चालतात का, ते यात लिवलं नाय.”

“मग फोन लावून विचार ना त्यांना.”

“लावू, बाबा?”

“लाव. आणि सांग, आमच्या होडीची जाळी रत्नाच विणायची.”