दुसऱ्या गाडीचं झाकण

धुळ्यात स्पेअर पार्टच्या दुकानात मी सायकलची ट्यूब घ्यायला उभी होते आणि पुढचे नाना-अक्का काही हलेचनात!

"हसीब, ब्रेक ऑइल डॉट फाइव्ह दे. बठ्ठ्यात भारी तेच शे ना?"

"नाना, सगळ्यात भारीचा प्रश्न नाही. चुकीचं पडलं तर ब्रेक दगा देतील. गाडीत ब्रेक ऑइलच्या डबीच्या झाकणावर काय लिहिलंय?"

"डॉट फोर."

"मग तेच घ्या."

"अहो," अक्का मध्येच म्हणाल्या, "ते झाकण तुम्ही भंगारातनं आणलंय ना? दुसऱ्या गाडीचं?"

"घट्ट बसलंय की!"

"उद्या प्राचीला बाळंतपणाला माहेरी आणायचंय. पोटुशी पोर घेऊन कन्नडचा घाट उतरणार तुम्ही?"

"अगं, हळू उतरेन."

"किल्ली द्या."

"कशाला?"

"मिस्त्री गाडी बघेपर्यंत माझ्या पर्समध्ये राहील."

नानांनी खिशातनं काढून दिली.